नसलेला उजवा हात

ती मूर्ती मी प्रत्यक्ष कधीच पाहिलेली नाही. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वाळवंटात, आयसिस देवीच्या एका जुन्या देवळाच्या अंगणात ती सापडली आणि अजून त्याच देशात आहे. माझ्यापर्यंत पोचले ते तिचे फोटो. प्रत्येक बाजूने, प्रत्येक उंचीवरून काढलेले शेकडो फोटो. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागात मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे असे फोटो एकमेकांत बसवून वस्तूची त्रिमिती प्रतिकृती बनवतात. पडद्यावर बोट फिरवलं की वस्तू फिरते, जवळ येते, छिन्नीचे घाव दिसतात. सिंगापूरला त्या देवळावर एक प्रदर्शन भरणार होतं. मूळ वस्तू येणार नव्हत्या, त्यांच्या प्रतिकृतीच दाखवायच्या होत्या, आणि ते काम आमच्याकडे आलं होतं.

देऊळ आयसिसचं आणि अंगणात बुद्ध. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यादी करताना कुणीतरी चूक केली असणार. मग एकेक वस्तू येत गेली. जमिनीत पुरलेला रांजण, आत काळी मिरी. आपल्याकडच्या सागाच्या तुळया, जहाजं मोडल्यावर घरांना वापरलेल्या. सातवाहनांची नाणी. एक शिलालेख, त्यात ग्रीकही आणि संस्कृतही. वारा अनुकूल असला की कोकणातून आणि केरळातून जहाजं निघायची आणि या बंदराला लागायची. त्या जहाजांवरच्या कुणीतरी परक्या देवीच्या अंगणात आपला बुद्ध उभा केला होता. डोक्यामागे सूर्याच्या किरणांसारखी प्रभावळ, डाव्या हातात चीवराचं टोक. उजवी बाजू मात्र फुटलेली. उजवा हात नव्हताच.

मी नाशिकची. आम्ही बौद्ध. माझे वडील कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लहानपणी रविवारी ते आम्हा भावंडांना त्रिरश्मी लेण्यांवर न्यायचे आणि एका लेण्यापाशी थांबून सांगायचे की हे एका यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने कोरवून दिलंय. आम्हाला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, खाली उतरल्यावर मिळणाऱ्या उसाच्या रसाकडे लक्ष असायचं. वाळवंटातल्या मूर्तीबद्दल फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी बंदराचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ते इकडे आले, तसे आपणही तिकडे गेलो होतो." त्या दिवसापासून ते रोज विचारायला लागले. काम कुठवर आलं, चेहरा कसा आहे, फोटो कधी पाठवतेस.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक चिनी बाई काम करायच्या. साठीच्या पुढच्या, बेडोकला राहणाऱ्या. आधी तीस वर्षं छपाईच्या धंद्यात फोटो दुरुस्त करायचं काम केलेलं, त्यामुळे त्यांची नजर आम्हा सगळ्यांपेक्षा तयार होती. त्या कंत्राटावर होत्या, दर वर्षी नवं कंत्राट. सगळे त्यांना आंटी म्हणायचे, मीही. त्या मला गर्ल म्हणायच्या, मी चाळिशीला आले होते तरी. दुपारी आम्ही दोघी जवळच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, जेवायला जायचो. त्यांचं फिश सूप, माझं जे मिळेल ते. गप्पा फार नसायच्या. मी परदेशात आल्यावर ज्या एका माणसाशेजारी न बोलता बसू शकत होते, तो माणूस म्हणजे या आंटी.

आमच्या कामाचा एक साधा नियम होता. मूर्तीत जे खरोखर आहे ते दगडाच्या रंगात दाखवायचं. जे तुटलंय आणि आपण अंदाजाने भरलंय ते राखाडी. पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की इथपर्यंत पुरावा आहे आणि इथून पुढे आमची कल्पना. उजव्या हाताचा असा एक अंदाज आम्ही तयार केला होता. इतर मूर्तींवरून, अभयमुद्रेतला, तळवा समोर केलेला हात. आंटींनी त्याच्या बोटांवर आठवडाभर काम केलं होतं. तो राखाडीच राहणार होता.

फाइल पाठवायच्या दिवशी माझा कॉम्प्युटर अपडेटमध्ये अडकला. आंटींना डोळे तपासायला जायचं होतं. जाताना त्यांनी आपला कॉम्प्युटर माझ्यासाठी उघडा ठेवला. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करायचं नाही असा नियम आहे, पण सगळेच कधी ना कधी करतात. मी त्यांच्या खुर्चीत बसले. सगळं तपासून झालं, आणि पाठवण्याआधी मला बाबांची आठवण झाली. मी राखाडी रंग बंद केला, तसा हातही दगडाच्या रंगात आला. एकदम बुद्ध पूर्ण झाला. एका दगडातला, अखंड, हात वर केलेला. मी दोन मिनिटं बघत बसले असेन. त्याचा फोटो काढला, बाबांना पाठवला. मग फाइल पाठवली. रंग परत चालू करायचा राहून गेला.

हे मी आज इतक्या सरळ लिहू शकते आहे. तेव्हा मला ते दहा दिवस माहीतही नव्हतं.

प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी निमंत्रितांसाठी ते खुलं होतं. तिकडच्या उत्खननात काम केलेल्या एक इजिप्शियन बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, शांत. मिरीच्या रांजणापाशी त्या बराच वेळ रमल्या. कसा सापडला, किती उन्हात, हे हसत सांगत होत्या. मग त्या बुद्धाच्या पडद्यासमोर आल्या. एकदा फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. आणि आमच्या प्रमुखांना त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हा हात कुणाला सापडला?"

प्रमुखांना आधी प्रश्नच कळला नाही. मला कळला. त्या बाई चिडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं म्हणणं त्यांनी नंतर सांगितलं ते असं. अंगणाचा तो भाग त्यांच्या गटाने चाळणीने माती चाळून शोधला होता, हात मिळाला नव्हता. तो मिळाला नाही हीसुद्धा त्यांची नोंद होती. आता कुणी हा पडदा पाहून म्हणेल की हात होता आणि यांनी तो लपवला, किंवा विकला. त्यांच्या देशात असले आरोप हलके नसतात. पडदा त्याच संध्याकाळी बंद केला. पण तोवर पाहुण्यांनी फोटो काढले होते आणि ते फोटो फिरायलाही लागले होते.

दोन दिवसांनी बैठक झाली. प्रमुख, मनुष्यबळ विभागातली एक बाई, आम्ही चार जण. फाइल कुणाच्या लॉगिनवरून गेली हे पडद्यावर दिसत होतं. प्रमुखांनी आंटींना विचारलं की हे कसं झालं. आंटींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणासाठी दार उघडून धरावं आणि तो येईपर्यंत थांबावं, तसं. मी समोरच्या कागदाकडे पाहिलं.

"मला आठवत नाही," आंटी म्हणाल्या. "माझे डोळे बरे नाहीत. असेल माझीच चूक."

पुढचा विषय सुरू झाला.

मी का बोलले नाही, याची कारणं माझ्याकडे तयार होती आणि ती खोटी नव्हती. आमचं घर माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्यावर, उभं होतं. नवरा पुण्यातली नोकरी सोडून माझ्या पासवर इथे आला होता, मुलगी इथल्या शाळेत तिसरीत. पासचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. नोकरी गेली तर काही आठवड्यांत पुंगोलचा फ्लॅट रिकामा करून निघावं लागलं असतं. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला की पास हातात येऊ दे, मग सांग, आंटी इथल्याच आहेत, त्यांना कुणी देशाबाहेर काढणार नाही. मला हेच ऐकायचं होतं.

त्यानंतरचे अकरा दिवस मी आंटींबरोबर रोज जेवायला जात होते. न जाणं जास्त विचित्र दिसलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्या नेहमीसारखं सूप घ्यायच्या, मला टिश्यू पुढे करायच्या. एकदा मी विचारलं, डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर. त्या म्हणाल्या की मोतीबिंदू आहे, पण अजून वेळ आहे. बस्स. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपत होतं. ते पुढे वाढवलं नाही. निरोपाचा केक कापला, मीही टाळ्या वाजवल्या. त्यांनी आपला कप, छोटं रोप आणि उशी एका पिशवीत भरली आणि त्या बुओना व्हिस्टा स्टेशनकडे चालत गेल्या. मी खिडकीतून पाहिलं.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला, व्हिडिओवर. ते विहारात उभे होते. त्यांनी मी पाठवलेला फोटो मोठा करून, चौकटीत बसवून विहाराला दिला होता. मागे भिंतीवर तो दिसत होता, गळ्यात निशिगंधाचा हार. वंदनेला जमलेली माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर येऊन मला नमस्कार करत होती. एक म्हातारी बाई म्हणाली, "पोरी, परदेशी मुलखातसुद्धा भगवंत अभय देत उभे होते, आम्हाला ठाऊकच नव्हतं गं." बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. मी म्हणाले, नेटवर्क जातंय, आणि फोन बंद केला.

माझी मुलगी शेजारी बसून गृहपाठ करत होती. तिने इंग्रजीत विचारलं, "आजोबांना माहीत आहे ना, की हात तू बनवलास?" तिने आमच्या घरात ते बोलणं ऐकलेलं होतं. मी म्हणाले, सांगायचंय अजून. ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "मग सांग, lah," आणि परत वहीत डोकं घातलं.

मला त्या वेळी एकदम धैर्य आलं असं काही झालं नाही. दोन दिवस तसेच काढले. पास अजून आला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी पुंगोलहून निघाले, सेरांगूनला गाडी बदलली, आणि बुओना व्हिस्टा येईपर्यंत मनात एकच वाक्य इंग्रजीतून जुळवत राहिले, कारण विचार केला असता तर परत फिरले असते. प्रमुखांच्या दारात उभी राहून ते वाक्य म्हणून टाकलं. फाइल मी पाठवली होती, आंटींनी नाही. रंग मी बंद केला होता, वडिलांसाठी.

प्रमुखांनी मला बसायला सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की बैठकीत का बोलला नाहीत. मी पासचं सांगितलं. ते म्हणाले, "पासची काळजी मलाही समजते. पण आंटी समोर बसल्या होत्या." मग त्यांनी सगळं लिहून द्यायला सांगितलं.

शिक्षा झाली ती अशी. देवळाचं काम माझ्याकडून काढून घेतलं, लेखी ताकीद मिळाली. पास झाला, पण नेहमीपेक्षा कमी मुदतीचा. तो यामुळे की आणखी कशामुळे, हे कुणी सांगत नाही. इजिप्शियन बाईंना मी स्वतः पत्र लिहिलं. त्यांनी चार ओळींचं उत्तर पाठवलं. खुलासा केल्याबद्दल आभार, तो त्या आपल्या खात्याला दाखवतील. आणि पुढच्या हंगामात परवानगी मिळाली तर अंगणाची उरलेली बाजू उकरणार आहेत. हात तिथे असेल किंवा नसेल, असं त्यांनी लिहिलं होतं.

प्रमुखांनी आंटींना फोन करून परत बोलावलं. त्या नाही म्हणाल्या.

म्हणून मी शनिवारी बेडोकला गेले. पत्ता माहीत होता, पण वर जायची हिंमत झाली नाही. त्या सकाळी मार्केटला येतात हे ठाऊक होतं, तर खालच्या हॉकर सेंटरमध्ये बसून राहिले. त्या हातात पालेभाजीची पिशवी घेऊन आल्या. मला पाहून थांबल्या, मग समोर येऊन बसल्या. मी एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून त्यांच्यापुढे ठेवली. पाठ केलेली माफी मागितली.

आंटी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांना पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. खुर्चीत कोण बसलं होतं हे त्यांना माहीत नसणार तर कुणाला? बैठकीत त्या माझं नाव घेऊ शकल्या असत्या. पण माझ्या पासचंही त्यांना माहीत होतं, शाळेतल्या मुलीचंही. आणि त्यांना वाटलं होतं, मी स्वतःच सांगेन. आज नाही तर उद्या.

"नोकरीचं सोड," त्या म्हणाल्या. "माझं घर आहे, मुलगा आहे. पण गर्ल, तू रोज माझ्यासमोर जेवायला का बसायचीस?"

मी कोपीचा कप त्यांच्याकडे थोडा सरकवला.

"तू दुसऱ्या टेबलावर बसली असतीस तर मी म्हटलं असतं, घाबरलीय. तू माझ्यासमोर बसून माझ्या डोळ्यांची चौकशी केलीस."

त्यांनी कोपी प्यायली नाही. पिशवी उचलली, मार्केटमध्ये मासळी संपेल म्हणाल्या आणि गेल्या.

बाबांना मी त्याच दिवशी दुपारी फोन केला. आणखी एक दिवस काढला असता तर तोही जमला असता, हे मला आता स्वतःबद्दल कळलं होतं. सगळं सांगितलं, हाताचंही आणि आंटींचंही. शेवटी ते म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये न दिसणारी कड आम्ही तुटक रेषेने दाखवायचो. ती सलग काढली तर मशीनवरचा माणूस फसतो. तो आपल्या रेषेवर भरवसा ठेवून काम करत असतो." मग विचारलं, "त्या आंटींचं काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. आठवडाभर त्यांचा फोन आला नाही. आई म्हणायची, बाहेर गेलेत.

ते विहारात गेले होते. पौर्णिमेची वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं की या फोटोतला उजवा हात खरा नाही, माझ्या मुलीने तो जोडलेला आहे, मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालंय. मूळ मूर्तीला हात नाही, आणि तसाच फोटो आपण लावू. मी त्यांना खरा फोटो पाठवला होता, फुटलेल्या बाजूसकट. तो चौकटीत बसवून ते बरोबर घेऊन गेले होते.

त्यावर बरीच वादावादी झाली, असं आईने सांगितलं. काहींना बाबांचं पटलं. पण पुष्कळांचं म्हणणं पडलं की मोडकी मूर्ती भिंतीवर कशाला, हात जोडला तर बिघडलं कुठे, बुद्धाचा हात असाच असतो. आधीच्या फोटोचं अनावरण मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते झालं होतं, त्याची पत्रकंही निघाली होती. समितीतले एक जण म्हणाले की तुमच्या मुलीची अडचण तुमच्या घरात ठेवा. बाबांनी जुना फोटो भिंतीवरून काढला. पुढच्या रविवारी तो परत लागलेला होता. त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसरी चौकट ते घरी घेऊन आले आणि विहारात जाणं त्यांनी कमी केलं. चाळीस वर्षांचे मित्र आता रस्त्यात भेटले तर तब्येतीपुरतं बोलतात.

मी म्हणाले, बाबा, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "हो, तुझ्यामुळे झालं." माझी समजूत काढायची म्हणून ते कधी खोटं बोलत नाहीत. नंतर मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

प्रदर्शनातला पडदा दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला. मी मुलीला घेऊन एकदा जाऊन आले. हात राखाडी होता, खाली एक ओळ होती की हा भाग अंदाजाने दाखवला आहे. लोक बोट फिरवून पुढे जात होते. एका लहान मुलाच्या आईने ती ओळ त्याला वाचून दाखवली, तेवढंच. आंटींनी घडवलेली बोटं फार सुंदर होती, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

आंटींच्या नावावर लागलेली चूक लेखी काढून टाकावी, अशी मी कार्यालयाला विनंती केली होती. दोन महिने पाठपुरावा करावा लागला. अखेर मनुष्यबळ विभागाने त्यांना पत्र पाठवलं की चूक त्यांची नव्हती. मला त्याची प्रत मिळाली. मी आंटींना मेसेज केला की पत्र पोचलं का, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पत्र मिळालं, असं त्यांनी लिहिलं होतं. डोळ्यांबद्दल काही नव्हतं.